दोघांची रेस, घड्याळ एकच

या आठवड्याच्या एपिसोडचा हा लिखित भाग. ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा ट्रेनमध्ये पनवेलच्या पुढे ज्यांचं नेटवर्क जातं, त्यांच्यासाठी. ऑडिओतले माझे सगळे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' काढून टाकलेत, त्यामुळे हे वाचायला पाच मिनिटं कमी लागतील.

सायकलिंगवरच्या मागच्या एपिसोडनंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच विचारलं. माउंटन बाइकची अनेक दिवसांची रेस दोघांनी मिळून चालवायची म्हणजे नक्की काय करायचं? डबल सीट जायचं का?

नाही. सायकली दोन, माणसं दोन, घड्याळ मात्र एक.

आधी स्टेज रेस समजून घेऊ. टूर डी फ्रान्स तुम्ही कधी ना कधी पाहिली असेल. २१ टप्पे असतात, रोजचा वेळ मोजतात, शेवटी बेरीज करतात, ज्याची बेरीज कमी तो जिंकला. माउंटन बाइकची स्टेज रेस याच हिशोबाने चालते, फक्त डांबर नाही. माती, मुरूम, दगड, ओढे, शेताचे बांध. आज सहा तास चालवलंत तर उद्या सकाळी त्याच पायांनी पुन्हा उभं राहायचं. एक दिवस जोरात चालवणं तसं अनेकांना जमतं. तिसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरता येतो का, ही खरी परीक्षा.

आता यात पार्टनर टाका. जोडीने चालवायच्या रेसमध्ये सगळ्यात गाजलेली दक्षिण आफ्रिकेतली केप एपिक. २००४ मध्ये केव्हिन वरमाक या माणसाने ती सुरू केली. तो कोस्टा रिकामधली एक माउंटन बाइक रेस चालवून आला होता आणि असलं काहीतरी आपल्याकडेही हवं हे डोक्यात घेऊन परतला होता. युरोपात आल्प्स ओलांडणारी ट्रान्सआल्प १९९८ पासून जोड्यांनी चालवली जातच होती. केप एपिक आता आठ दिवसांची असते, एक छोटा प्रोलॉग आणि सात टप्पे. मार्ग दरवर्षी बदलतो, पण साधारण साडेसहाशे किलोमीटर आणि १५,००० मीटरच्या आसपास चढ धरा. कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर. म्हणजे आठ दिवसांत समुद्रापासून नऊ वेळा कळसूबाई, सायकलवर.

पण आकडे सोडा. या रेसचं सगळं नाटक एका नियमात आहे. टीममधल्या दोघांनी एकमेकांपासून दोन मिनिटांच्या आत राहायचं. वाटेत टायमिंग पॉइंट असतात, तिथे दोघांच्या वेळेत दोन मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला तर पेनल्टी. आणि टप्प्याच्या शेवटी टीमचा वेळ धरतात तो दुसऱ्याचा. पहिला दहा मिनिटं आधी पोचून केळं सोलत बसला तरी त्याचा उपयोग शून्य. पार्टनरने रेस सोडली तर उरलेल्याला चालवत राहता येतं, पण टीम म्हणून निकालात नाव येत नाही.

आमच्या कोडिंगवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिम तिच्यातल्या सगळ्यात स्लो भागाइतकीच फास्ट असते. हे वाक्य मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये शंभरदा बोललोय. त्याचा अर्थ मला भिसे खिंडीत कळला, त्यावर येतोच.

त्याआधी एक फरक सांगतो, कारण इथे लोक गोंधळतात. आपल्या मराठी माणसांतली सगळ्यात गाजलेली सायकल जोडी कोण? नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ. २०१५ मध्ये त्यांनी रेस अक्रॉस अमेरिका दोघांच्या टीममध्ये पूर्ण केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यावर, सुमारे ४,८०० किलोमीटर, ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत. ही रेस पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. पण ती रस्त्यावरची रेस, आणि टीममध्ये रिले चालतो. एक जण चालवतो, तेव्हा दुसरा गाडीत झोपतो, खातो, पाय दाबून घेतो. घड्याळ थांबत नाही, माणसं बदलतात. तिथे पार्टनर म्हणजे तुमची सुटी. केप एपिकसारख्या रेसमध्ये तो सहा-सात तास तुमच्या शेजारीच असतो आणि त्याला काय होतंय ते तुम्हालाही भोगावं लागतं. दोन्हीत दोन माणसं, पण प्रश्न पूर्ण वेगळे.

भारतात माउंटन बाइकची अनेक दिवसांची रेस म्हटलं की हिमाचल. शिमल्याच्या हस्तपा या संस्थेने २००५ मध्ये एमटीबी हिमालया सुरू केली. तिथे सोलोबरोबर दोघांच्या टीमचाही गट असायचा. तसल्या एखाद्या रेसला जायचं हे माझं आणि माझ्या मामेभावाचं चार वर्षांचं स्वप्न. दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, रोह्याचा, धाटावच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. मी पेणचा. बीटेक झाल्यापासून लॅपटॉपसमोर, सध्या आठवड्यातले तीन दिवस घरून काम.

आता पेण-रोह्यात माउंटन बाइकिंगची रेस वगैरे काही नाही. पण रेससाठी लागणारं सगळं आहे. गणपती आणि पोहे सोडून पेणला काय आहे विचारणाऱ्यांनी एकदा गावाच्या पूर्वेकडे यावं. खाडीपासून सुरू झालेली सपाट भातशेती अचानक डोंगराला जाऊन भिडते. महालमिऱ्याचा डोंगर, पुढे हेटवणे धरणाची बाजू, विनोबांचं गागोदे, आणि या सगळ्यामधून वाड्यावाड्यांना जोडणाऱ्या मातीच्या वाटा. रोह्याकडे अवचितगड, घोसाळगड, आणि नागोठण्याहून रोह्याला येताना लागणारी भिसे खिंड. उंची फार नाही. पण चढ छोटे आणि खडे असतात, हवा दमट असते आणि दगड सुटे. हिमाचलात जी दमछाक विरळ हवेने होते ती इथे घामाने होते. तुलना शंभर टक्के बरोबर नाही, मला माहितीये, पण आमच्याकडे तेवढंच आहे.

म्हणून आम्ही घरच्या घरी तीन दिवसांची स्टेज रेस आखली. पहिला दिवस पेणहून कामार्ली-गागोद्याकडे फेरी मारून परत पेण, मुक्काम आमच्याकडे. दुसरा दिवस पेणहून वडखळ, नागोठणे, भिसे खिंड आणि रोहा, मुक्काम मामीकडे. तिसरा दिवस रोह्याहून घोसाळ्याला जाऊन परत. रेफरी म्हणून दोघांच्या फोनमधलं ॲप. दोन मिनिटांचा नियमही ठेवला होता, कागदावर.

हायवेबद्दल एक सूचना. वडखळ ते नागोठणे हा तुकडा आम्ही पहाटे पाचला निघून, उजाडता उजाडता उरकतो, पुढे-मागे लाल लाइट लावून, एकामागे एक. माउंटन बाइकला खड्ड्याचं काही नाही, ट्रेलरचं आहे. केप एपिक दोनदा जिंकलेला दक्षिण आफ्रिकेचा बरी स्टँडर जानेवारी २०१३ मध्ये गेला, तो रेसमध्ये किंवा डोंगरात नाही. साध्या रस्त्यावर, ट्रेनिंग करताना, टॅक्सी व्हॅनच्या धडकेत. अवघा २५ वर्षांचा होता. २०११ आणि २०१२ ला त्याच्याबरोबर जिंकलेला क्रिस्टोफ साउझर त्याच वर्षी मार्चमध्ये नवीन पार्टनर घेऊन उतरला आणि पुन्हा जिंकला. मी ते फुटेज एकदाच पाहिलं.

तर, आमचा पहिला प्रयत्न. गेला ऑक्टोबर. आता तुम्ही म्हणाल, कोकणात ऑक्टोबरमध्ये कोण सायकल चालवतं? शहाणा माणूस नाही चालवत. दादाला दिवाळीआधी तेवढीच सुटी मिळत होती.

पहिला दिवस मस्त गेला. दुसऱ्या दिवशी नागोठणं मागे टाकेपर्यंत साडेआठ वाजले होते. खिंडीच्या अलीकडे आम्ही डांबर सोडून जंगलातल्या बैलगाडीच्या वाटेला लागलो. चढ सुरू झाला आणि मी नेहमीप्रमाणे सुटलो. माझं वजन ६४ किलो, दादाचं ८३. चढावर मी पुढे जातो, वर थांबतो, तो येतो, आम्ही पुढे निघतो. अशी आमची पद्धत होती आणि मला ती फार उदार वाटायची. थांबतोय ना मी!

त्या दिवशी एका मोरीवर बसून मी चिक्की खात होतो आणि ॲपमध्ये बघत होतो. त्या चढावरचा माझा आतापर्यंतचा दुसऱ्या नंबरचा वेळ आला होता. पाच मिनिटं झाली. दहा झाली. फोन लावला तर नेटवर्क नाही. पंक्चर असेल, काढेल तो. पंधराव्या मिनिटाला वाटेवरून एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा पळत आला, जवळच्या कातकरी वाडीतला. म्हणाला, "तुमचा मानूस खाली बसलाय. बोलत नाय नीट."

मी खाली गेलो तेव्हा दादा एका ऐनाच्या झाडाला टेकून बसला होता. अंगावर काटा, दातावर दात वाजत होते, त्या उकाड्यात! वाडीतली एक आजी त्याच्या डोक्यावर कळशीतून पाणी ओतत होती. सायकल आडवी पडली होती आणि तिच्या दोन्ही बाटल्या रिकाम्या होत्या. माझ्या पाठीवरच्या पिशवीत दीड लिटर पाणी होतं, मी मोरीवर बसलो होतो तिथपर्यंत वाहून नेलेलं.

आजीने जे केलं ते बरोबर होतं, हे नंतर रोह्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. सावली, कपडे सैल, अंगावर पाणी, वारा घालणं. आम्हा कोकणातल्यांना वाटतं घाम आला की अंग थंड होतं. घाम नुसता येऊन चालत नाही, तो वाळायला लागतो. दमट हवेत तो वाळत नाही, नुसता गळतो. पाणी जातं, मीठ जातं, अंग तापतच राहतं. उन्हात अंगावर काटा येणं, चालताना झोक जाणं, विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर देणं, यातलं काही दिसलं तर राइड संपली असं समजा. बोलणं असंबद्ध झालं, माणूस ओळखत नसेल, तर वाट न बघता १०८. दादा पाच-दहा मिनिटांत माझ्या नावाने शिव्या घालू लागला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. चालत रस्त्याला आलो, तिथून एका टेम्पोत सायकली टाकून रोहा.

संध्याकाळी मामीने मऊभात वाढला. ती मला काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. रात्री दादा गॅलरीत बसून म्हणाला, "एक विचारू? तू आज माझ्याबरोबर आला होतास, की माझ्यापुढे?"

मी म्हटलं, "दादा, मी थांबत होतो ना."

"तू थांबत होतास," तो म्हणाला. "मी कधी थांबलो?"

हे वाक्य मी दोन दिवस डोक्यात फिरवत होतो. मग खरंच कागद घेऊन बसलो. पुढचा वर पोचतो, पाच मिनिटं विश्रांती घेतो. मागचा पोचतो तेव्हा पुढच्याची विश्रांती संपलेली असते आणि तो म्हणतो, "चल?" मागचाही लाजेखातर निघतो. सहा तासांत असे बारा चढ आले तर एकाला तासभर विश्रांती मिळाली आणि दुसऱ्याला शून्य. ज्याला गरज जास्त त्याला शून्य! त्यात भर म्हणजे पुढचा दिसेनासा झाला की मागचा त्याला गाठायला आपल्या कुवतीच्या वर जोर लावतो. म्हणजे थांबून थांबून मी दादाला थकवत होतो. दोन मिनिटांचा नियम मला आतापर्यंत फास्ट रायडरला जाच वाटायचा. तो शेजारी राहायला भाग पाडतो. शेजारी राहिलं की बाटली रिकामी झालेली दिसते.

मग थोडं गणित केलं. इंजिनिअर आहे, सवय जात नाही. आठ टक्क्यांचा चढ, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की आठ मीटर वर. मातीची वाट, वेग ताशी आठ किलोमीटर. सायकल, पाणी, हत्यारं मिळून प्रत्येकाजवळ १५ किलो धरा. या वेगासाठी मला साधारण १७२ वॉट लागतात, दादाला २१३. फरक ४१ वॉटचा. आता पंप, ट्यूब, हत्यारं आणि एक बाटली असं तीन किलो त्याच्याकडून काढून माझ्या पाठीवर टाका. मला १७९, त्याला २०७. फरक २८ वर आला. दोघांचा फिटनेस तोच, नुसती पिशवी इकडची तिकडे केली. तोपर्यंत आम्ही सामान अर्धं-अर्धं वाटून घ्यायचो, भावाभावांत जमीन वाटतात तसं.

सपाटीवर उलटं होतं. ताशी पंचवीस-तीसच्या वेगाला बरीचशी ताकद वारा कापण्यात जाते, तिथे वजनाचा तोटा फारसा नाही. दादाचे पाय माझ्यापेक्षा दणकट आहेत आणि पाठ रुंद. नागोठण्याच्या सपाटीवर तो पुढे, मी त्याच्या चाकामागे लपलेला. म्हणजे जोडीत कमजोर कोण, हे रस्ता ठरवतो. चढावर कमजोर तो होता, सपाटीवर मी. आणि उतारावर? तिथे ज्याचा हात चांगला तो पुढे, कारण मागच्याला त्याची लाइन बघून उतरता येतं. फक्त त्याची धूळ खायला लागू नये इतकं अंतर ठेवायचं, आणि वळणाआड दिसेनासं व्हायचं नाही.

डिसेंबरच्या शेवटी पुन्हा तीच तीन दिवसांची रेस लावली. नियम दोन. चढावर पुढे कायम दादा, वेग त्याचा, मी त्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी. आणि दर वीस मिनिटांनी फोन वाजेल, वाजला की दोघांनी प्यायचं आणि खायचं, भूक असो नसो. तासाला साठ ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं. एका केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात, म्हणजे तासाला दोन केळी आणि वर थोडी चिक्की. पाकिटातली महागडी जेल आम्ही आणली होती, एक खाल्ली, बाकीची अजून फ्रिजमध्ये आहेत. पाण्यात लिंबू, गूळ आणि लिटरमागे पाव चमचा मीठ. मामीची रेसिपी, चव सरबतापेक्षा औषधाच्या जवळची.

चढावर मागे राहणं सोपं नाही, हे कबूल करतो. पहिल्या अर्ध्या तासात माझी चिडचिड झाली. गिअर हलका, श्वास निवांत, समोर दादाची पाठ. बोलायला वेळच वेळ. दादा मात्र बोलत नव्हता, आणि मला हळूहळू कळलं की त्याच्या बोलण्यावरून त्याचा दम मोजता येतो. पूर्ण वाक्य आलं तर ठीक. 'हो', 'नाही'वर आला की वेग उतरवायचा. गप्प झाला की थांबायचं. हार्ट रेटचा पट्टा आहे आमच्याकडे, पण हे मीटर जास्त लवकर सांगतं.

खिंडीत वाडीपाशी थांबलो. आजीसाठी आईने पापड दिले होते. तिने दादाकडे बघून विचारलं, "आज ह्यो पुढं हाय व्हय?" आणि हसली.

खिंडीतला त्या दिवशीचा माझा वेळ ऑक्टोबरपेक्षा सहा मिनिटांनी जास्त होता. पेण ते रोहा दोघांचा मिळून वेळ मोजायला ऑक्टोबरचा आकडाच नाही, तेव्हा आम्ही टेम्पोने पोचलो होतो.

तिसऱ्या दिवशी घोसाळ्याच्या वाटेवर माझ्या पोटरीत गोळा आला. तीन किलो जादा वजन आणि रात्री न झालेली झोप. दादाने सायकल शेजारी आणली, एक हात हँडलवर, दुसरा माझ्या पाठीवर, आणि शंभरेक मीटर ढकलत नेलं. वर जाऊन म्हणाला, "येड्या, काल मामीच्या हातची चौथी भाकरी कोणी खाल्ली?" स्वतःच्या आईला तो माझ्यासमोर मामी म्हणतो, लहानपणापासूनची सवय आहे.

परतल्यावर सायकली धुतल्या, चेन पुसून तेल दिलं, आणि पहिल्यांदा रेसच्या खर्चाचा हिशोब मांडला. प्रवास, सायकली पॅक करून नेणं, एंट्री फी, वर दादाच्या शिफ्टमधून किमान बारा दिवसांची सलग सुटी. पैशांचं मी बघेन म्हटलं, त्यावर आमचं थोडं वाजलं. शेवटी निम्मं-निम्मं ठरलं. सामान नाही, पण पैसे निम्मे-निम्मे.

सुटीचा अर्ज त्याने गेल्या सोमवारी टाकलाय. अजून उत्तर नाही. आलं की सांगतो.

पुढच्या एपिसोडमध्ये ट्यूबलेस टायर आणि सीलंट, आणि बाभळीच्या काट्यांपुढे ते किती टिकतं ते बघू. चला, भेटू.